लांब सुराच्या शेवटी

मला नकला येतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. अमरावतीच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या शाळेत मुख्याध्यापक रजेवर असले तरी त्यांच्या आवाजात 'वर्गात बसा रे' ऐकू यायचं आणि पोरं मुकाट बसायची. एकदा तर गणिताचे सरसुद्धा बसले. पुढे टेक्सासमधल्या प्लेनोला आल्यावर मंडळाच्या गणपतीत मी अध्यक्षांची नक्कल केली, तर पुढच्या वर्षी ती पुन्हा ठेवा अशी मागणी आली. मागणी करणारी बाई अध्यक्षांचीच बायको.

आई, बाबा आणि मी २००३ साली अमेरिकेत आलो. आत्याने आमचं ग्रीन कार्ड फाइल केलं तेव्हा मी तिसरीत होतो. ते हातात पडलं तेव्हा मला मिशी आली होती. आत्याच्या घरी वरचा मजला आम्हाला दिलेला. आत्याचे मिस्टर जुने इंजिनिअर, रिटायर्ड. त्यांच्या हिशोबाने जगातल्या प्रत्येक तरुणाने कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकायला पाहिजे. मी कम्युनिटी कॉलेजला ते शिकतही होतो, पण मन होतं हायवेलगतच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात. तिथे मी पार्ट टाइम काम करायचो.

त्या दुकानात एके दिवशी ते धूड आलं. टेबलासारखे चार पाय, वर दहा तारा, खाली शिलाई मशीनसारखे तीन पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे चार लोखंडी दांडे. मालक म्हणाले, ही स्टील गिटार, कंट्री म्युझिकमध्ये जे रडल्यासारखं वाजतं ना, ते हेच. मी तारांकडे पाहिलं आणि हसलो. आमच्या गावी पोस्टात एक काका होते, ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवलेली, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, ती तारांवर सरकवायची. मी त्यांच्याकडे पाच वर्षं शिकलेलो. म्हणजे वरचा मजला ओळखीचा, फक्त तळमजला नवा.

मी बसलो आणि वाजवलं, पेडलला पाय न लावता. दहा मिनिटांनी मालकांनी विचारलं, पाय दुखतात का तुझे? मी म्हटलं, नाही, त्यांचं इथे काय काम? पेडल दाबला की तार आपोआप चढते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कांडी तिरकी, वाकडी, उलटी धरून ते सूर काढत होतो. मालकांनी दोन गिऱ्हाइकांना बोलावून आणलं आणि सांगितलं, हा बघा, लिफ्ट असताना पाइपवरून चढणारा माणूस.

पण तेवढ्यावरच माझं काम झालं. २००५ च्या वसंतात मालकांनी मला एका बाईंकडे पाठवलं. पन्नाशीच्या, कंट्री गाणाऱ्या, स्वतःचा बँड असलेल्या. दर उन्हाळ्यात ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का असा जत्रांचा दौरा करायच्या. जत्रा म्हणजे काउंटी फेअर, आपल्याकडच्या यात्रेसारखंच, देवाच्या जागी गाईगुरं. त्यांचा स्टीलवाला तीस वर्षं त्यांच्यासोबत होता. त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन होतं, म्हणून सहा आठवड्यांसाठी बदली माणूस हवा होता. मॅडमनी (मी त्यांना मॅडमच म्हणायचो, टेक्सासमध्ये ते चालतं) पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं: ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो खुर्चीवर परत येईल. तोपर्यंत ती तुझी. त्याचीच स्टील, त्याचीच गाणी.

त्यांनी मला मागच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमांच्या सीडी दिल्या. तीन आठवडे मी आत्याच्या गराजमध्ये लॉन मोवरशेजारी बसून त्या ऐकल्या आणि वाजवल्या. आत्याचे मिस्टर दार उघडून बघायचे आणि परत बंद करायचे.

आता नकलेचं शास्त्र सांगतो. एखाद्या माणसाचा आवाज कधीच आधी सापडत नाही. आधी सापडते त्याची खोड. कोण बोलताना नाक ओढतो, कोण वाक्य संपलं की एक 'हं' सोडतो. ती खोड पकडली की बाकीचा माणूस आपोआप मागे येतो. सीडीवरच्या त्या स्टीलवाल्याची खोड मला दुसऱ्याच दिवशी सापडली. लांब सुराच्या शेवटी तो एक बारीक थरथर करायचा. साधा कंप सगळेच देतात, मनगटातून, सावकाश, झोका हलवल्यासारखा. ही थरथर वेगळी होती. थंडीत दात वाजावेत तशी, अगदी जलद, आणि सूर विझेपर्यंत थांबायची नाही. मी पंधरा दिवस घासली तेव्हा जमली. कांडी सैल धरायची आणि कोपर आवळायचं, ही त्यातली मेख. जमली त्या दिवशी मी गराजमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रिहर्सलला बँडमध्ये मॅडम, एक ड्रमर, एक बेसवाला आणि एक फिडलवाला, फिडल म्हणजे व्हायोलिनच. ज्यांच्या जागी मी आलो ते स्टीलवाले काका ऑपरेशननंतर घरी. (त्यांना तोंडावर मी नेहमी सर म्हणालो. मनात पहिल्यापासून काका.) आमचं एक संथ गाणं होतं, त्याची सुरुवात स्टीलने. मी ती थरथर टाकली मात्र, मॅडमनी हात वर केला. म्हणाल्या, तेवढं नको. सूर साधा ठेव. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी काय समजलो असेन? आपल्याकडे मोठ्या गवयाची एखादी खास जागा असते. शिष्याने ती परवानगीशिवाय घ्यायची नसते, घेतली तर आगाऊपणा. पोस्टातले काका अशी एक जागा वाजवताना आपल्या गुरूचं नाव घेऊन कानाला हात लावायचे. मला वाटलं, हेही तसंच. ही काकांची खास जागा, मालकी त्यांची, बदली माणसाने हात लावायचा नाही. मला ते फार आवडलं. अमेरिकेतही घराणं असतं म्हणजे. मी कार्यक्रमात सूर साधा ठेवला, आणि मोटेलच्या खोलीत उशी मांडीवर घेऊन थरथरीची प्रॅक्टिस चालू ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात काकाच व्हॅनमध्ये येऊन बसले. हात गळ्यातल्या झोळीत. घरी करमेना, असं कारण दिलं. सत्तरीचे, काडीसारखे उंच, इस्त्रीचा शर्ट. त्यांचं इंग्लिश असं होतं की शब्द तोंडातून निघाला की वाटेत बसून विश्रांती घ्यायचा. त्यांचं बोलणं शुद्ध मराठीत लिहिलं तर मलाच हसू येईल. माझ्या कानाला ते पहिल्यापासून वऱ्हाडी वाटलं, तेव्हा तसंच लिहितो. पहिल्या दिवशी मला आपादमस्तक पाहून म्हणाले, "तूच का तो पोट्टा? टोपी कायले घातली बे एवढी मोठी? पाऊस येऊन रायला का?"

टोपी मॅडमनी दिलेली. ती घालून आरशात पाहिलं तर मी थेट आमच्या गावचा सरपंच.

तो दौरा म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा काळ, उगाच विनय कशाला करू. व्हॅनमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. माझी सगळ्यात मागे, ड्रमच्या खोक्यांना टेकून. बाहेर मैलोन्मैल मका. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी बांधून दिलेली. ती चटणी ड्रमर सकाळी अंड्यांवर घालून खायचा आणि संपली की माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच लपवली. कुठल्याशा गावात एका शेतकऱ्याने विचारलं, तू कुठला? मी काकांच्याच सुरात, शब्द लोळवत म्हटलं, प्लेनोचा. तो इतका हसला की त्याची बायको काय झालं म्हणून पळत आली. मग दोघांनी मला त्यांचं डुक्कर दाखवलं. त्याला बक्षीस मिळालं होतं, रिबीन लावलेली.

आणि मी बरा वाजवत होतो. गाणारी तोंड उघडते तेव्हा आपण गप्प, तिने श्वास घेतला की आपला एक सूर, हे भजनात पेटी वाजवणाऱ्याला शिकवावं लागत नाही, आणि मी गावच्या भजनात पेटी वाजवलेली. तिसऱ्या आठवड्यात मॅडम गाता गाता माझ्याकडे न बघता नुसता खांदा हलवायच्या आणि मला कळायचं. तेव्हापासून मला ती खुर्ची हवी झाली. सहा आठवड्यांसाठी नाही, कायमची. दुकान नको, नेटवर्किंग नको. आणि खुर्चीचा मालक तर पुढच्या सीटवर बसून दिवस मोजत होता. झोळी निघाली होती. डावा हात ते गुडघ्यावर उघडमीट करत बसायचे. कॉफीचा कप त्या हातात कधी धरत नव्हते, पण मला वाटलं, ऑपरेशनचं दुखणं.

चौथ्या आठवड्यात नेब्रास्कामध्ये ते घडलं. दुपारचे दोन, ऊन कडक, समोरचे बाक रिकामे, शेजारच्या शेडमध्ये गाई. साउंड चेक चाललेला. माझा माइक चालू आहे का ते बघायचं होतं, म्हणून मी नकला सुरू केल्या. आधी मॅडमचं स्वागताचं भाषण. मग जत्रेतला लिलाववाला, एका श्वासात चाळीस आकडे. बेसवाला स्टेजवर आडवा पडून हसत होता. मग मी खांदे पाडले, हनुवटी पुढे काढली आणि काका झालो. पेट्रोल पंपावर बाथरूमची किल्ली मागणारे काका. ड्रमर हसता हसता एकदम थांबला. मी मागे वळलो. काका उभे होते, उजव्या हातात लिंबाच्या सरबताचा ग्लास.

मी हनुवटी मागे घेतली. ते मात्र चिडले नाहीत. सरबताचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "बोलायची नक्कल तं कोनीबी करते लेका. माह्यासारखं वाजवून दाखव."

मी ह्याचीच तर वाट बघत होतो. म्हणजे परवानगी मिळाली. गुरूंनी स्वतः सांगितलं. मी बसलो, मनातल्या मनात कानाला हात लावला, डोळे मिटले आणि त्या संथ गाण्याची सुरुवात वाजवली. त्यांच्यासारखी. आणि लांब सुराच्या शेवटी ती थरथर, अस्सल, एक दाणाही इकडचा तिकडे नाही. चार सूर, चारही वेळा. इतकी चांगली ती गराजमध्येसुद्धा जमली नव्हती.

डोळे उघडले तर ड्रमर एक स्क्रू पिळत होता, जो आधीच घट्ट होता. फिडलवाल्याची पाठ. मॅडम स्टेजच्या पायरीवर उभ्या, तोंडावर हात.

काका म्हणाले, "हे शेवटी काय केलं तू?"

मी म्हटलं, "तुमचंच आहे, सर. तुमची खास जागा. सीडीवर प्रत्येक लांब सुराला आहे."

"कोनती सीडी?"

"मागच्या दोन वर्षांच्या."

त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात बाजूला सोडलेला होता, आणि बोटं हलत होती. सूर नव्हता, कांडी नव्हती, तरी हलत होती. तेव्हा मला कळलं मी काय वाजवलं ते.

काका मॅडमकडे वळले. "तुले मालूम होतं?"

मॅडम म्हणाल्या, हो.

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे," मॅडम म्हणाल्या. "कसं सांगू, तुम्हीच सांगा."

त्यांनी ग्लास स्टेजच्या कडेवर ठेवला, अगदी सांभाळून, आणि गाईंच्या शेडकडे चालत गेले. वाजवताना माणसाला आपला हात आतून ऐकू येतो, बाहेरून नाही. त्यांना स्वतःला ती थरथर कधी ऐकूच आली नव्हती. सीडी ते ऐकायचे नाहीत. तीस वर्षांच्या सोबत्यांपैकी कुणी बोललं नव्हतं. ती त्यांना पहिल्यांदा माझ्या हातातून ऐकू आली.

संध्याकाळी कार्यक्रम झाला, मी वाजवलं, कसं ते आठवत नाही. आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कुणाच्या व्यंगाची नक्कल करू नये, हे तुला पहिलीत बाईंनी कान धरून सांगितलं होतं. मी म्हटलं, अगं, ते व्यंग आहे हे मला माहीतच नव्हतं, मला ती कला वाटली. आई म्हणाली, हेच जाऊन त्यांना सांग.

दोन दिवस सांगायला जमलं नाही. काका पुढच्या सीटवर, खिडकीकडे तोंड. व्हॅनमध्ये कुणी रेडिओही लावेना. माझ्या मनात आलेली एक गोष्ट इथे लिहितो, कारण लपवली तर हे सगळं खोटं होईल. मला वाटलं, आता खुर्ची माझी. आणि पाठोपाठ वाटलं, अशी मिळवलेली खुर्ची घेऊन मी करू काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कॅन्ससमधल्या एका मोटेलच्या पार्किंगमध्ये, मी ट्रेलरच्या सावलीत तारा पुसत होतो. काका घडीची खुर्ची घेऊन आले आणि समोर बसले. मी आईने सांगायला लावलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं: सर, तो आजार आहे हे मला माहीत नव्हतं. मला ती तुमची सगळ्यात सुंदर जागा वाटली. मी पंधरा दिवस घासून शिकलो.

"पंधरा दिवस?" ते म्हणाले. "मले तं काईच मेहनत पडली नाई बाप्पा."

आणि हसले. मला हसू की नको कळेना. मग त्यांनी सांगितलं, आता एक सूर लाव आणि सरळ धर. कंप नको, थरथर नको, काही नको. मी लावला. "वाकडा हाय." पुन्हा लावला. "वाकडा हाय." कंप हे सूर चुकल्याचं पांघरूण असतं, हे मला त्या पार्किंगमध्ये समजलं. पांघरूण काढलं की माणूस उघडा. त्यांनी कॉफी उजव्या हातात धरली आणि हुकूम सोडला: मी ही पिऊन होईस्तोवर एकाच सुरावर थांब, विझला की परत छेड, पण हलू नको. आणि ते कॉफी पितही त्यांच्या बोलण्यासारखीच. एक घोट, मग विश्रांती. पुढचे दहा दिवस रोज सकाळी हेच. इतरांची मी नक्कल करायचो, पण सरळ सुराची नक्कलच करता येत नाही. त्यात पकडायला खोडच नसते.

परत यायचं की नाही, ह्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मॅडमही नाहीत. ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला. टेक्सासमध्ये, काकांच्या गावापासून वीस मैलांवर, एक जुना लाकडी डान्स हॉल. दर रविवारी दुपारी तिथे नाच असतो. जेवून खाऊन नवरा-बायको येतात, नातवंडं येतात, पाय सरकावेत म्हणून जमिनीवर भुसा टाकलेला असतो. काका आधीच पोचले होते. माझ्या आधी त्यांनी स्टील उभी केली होती आणि तिच्याखाली पाठीवर झोपले होते, हातात पाना.

मी समजलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्टीलचे ते गुडघ्याचे दांडे वाजवणाऱ्याच्या मापाने बसवतात, शिंप्याने पँट बेतावी तसे. काकांचे पाय लांब, माझे आखूड. सहा आठवडे मी दोन उशा घेऊन बसत होतो, कारण दुसऱ्याचं माप बदलायचं नसतं. आता काही कुणी हलवलंय का, ते काका बघत असणार. मी टोपी काढून बाजूला उभा राहिलो. मनात दुकानाचं शटर वर जाताना दिसलं.

खालून आवाज आला. "उभा काय रायला? बस."

"मी?"

"मंग का गाय बसवू?"

मी बसलो. खालून त्यांनी माझा गुडघा धरला, दांड्याला लावला, पाना फिरवला. मग दुसरा. तीन वेळा पाना हातातून निसटला. मी खाली वाकलो तर म्हणाले, हात नको लावू, माहं काम हाय. अर्धा तास लागला. चारही दांडे माझ्या मापाचे झाले. मग ते उठले, शर्टवरचा भुसा झटकला आणि दोन्ही उशा उचलून बँडच्या खोक्यात न टाकता बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आले. मॅडम हे सगळं दारातून बघत होत्या. त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या तारखा तुझ्या आईला कळव.

नाच सुरू झाला. डान्स हॉलमध्ये बँडकडे कुणी बघत नाही. लोकांचे पाय अडखळले नाहीत, हीच काय ती दाद. मी पहिली पाच गाणी पाय मोजत वाजवली. काका भिंतीजवळच्या टेबलाशी बायकोसोबत बसले होते. ती गोल चेहऱ्याची, निळा ड्रेस, पायात नाचायचे बूट. तीस वर्षं, बँड गावी असेल त्या दर रविवारी ती त्या टेबलाशी बसत आलेली, हे मला ड्रमरने सांगितलं. इतरांशी नाचत नव्हती, आणि नवरा तर कायम स्टेजवर बसलेला. लग्न झाल्यापासून दोघं एकदाही नाचले नव्हते. स्टीलवाल्याच्या बायकोचं असंच असतं म्हणे.

मॅडमनी संथ गाणं जाहीर केलं. काका उठले. हॅट टेबलावर ठेवली, बायकोपुढे हात केला, तोच डावा हात. ती जरा वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग उठली.

सुरुवात माझी होती. मी कांडी ठेवली आणि पहिला लांब सूर लावला. सरळ. तो विझेपर्यंत मी श्वास घेतला नाही. खाली तो हात तिच्या हातात होता आणि तिने असा घट्ट धरलेला की हलत असला तरी दिसला नसता. काकांना नाचता अजिबात येत नव्हतं. तिच्या पायावर पाय देत होते, ओठ हलवत पावलं मोजत होते, आणि ती त्यांना खांद्याने वळवत नेत होती. दोनदा ते स्टेजच्या अगदी जवळून गेले. पूर्ण गाणं संपलं, सगळे लांब सूर आले आणि गेले. त्यांनी एकदाही मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं नाही.